ड्रममधलं पाणी पांढरं का झालं?

*बाई, नमस्कार. मी अकरावी सायन्सला आहे. तासगाव तालुक्यातल्या आमच्या गावातून रोज एसटीनं सांगलीला येते. दहावीपर्यंत मराठी माध्यम होतं, विज्ञानात मार्कही चांगले पडायचे. आता केमिस्ट्रीत काही कळेनासं झालंय. चाचणीत 'मीठ पाण्यात टाकल्यावर काय होतं ते समीकरणानं दाखवा' असा प्रश्न होता. मी मीठ आणि पाणी मिळून सोडियम हायड्रॉक्साइड आणि हायड्रोक्लोरिक आम्ल होतं असं लिहिलं, बॅलन्सही केलं. शून्य मिळालं. सरांनी ते वर्गात वाचून दाखवलं आणि सगळे हसले. मीठ मोडतं तर साखर का मोडत नाही? आम्ल मोडतं ते मिठासारखंच का? काय विरघळतं आणि काय नाही याचा तक्ता नुसता पाठच करायचा का?*

*त्यातच मागच्या आठवड्यात पप्पांनी द्राक्षबागेला ठिबकमधून सोडायला 200 लिटरच्या ड्रममध्ये 5 किलो कॅल्शियम नायट्रेट आणि 5 किलो मॅग्नेशियम सल्फेट एकदमच टाकलं. पाणी दुधासारखं झालं, फिल्टर चोंदला, बरेच ड्रीपर बंद पडले. पप्पा म्हणाले, "दोन्ही पिशव्यांवर शंभर टक्के विद्राव्य लिवलंय, मग ह्ये काय झालं? तुला सायन्सला घातलंय कशाला?" मला काही सांगता आलं नाही. आर्ट्सला बदलून घेऊ का?*

*– एक विद्यार्थिनी*

मुली, हसणाऱ्यांचं आधी मिटवू. तुझं ते समीकरण मी नोकरीभर दर वर्षी कुणाच्या ना कुणाच्या वहीत पाहिलंय. ते चूक आहे, पण आळशाची चूक नव्हे. आळशी पोरं जागा कोरी सोडतात. दोन पदार्थ समोर आले की जोड्या बदलायच्या, हा शाळेत शिकलेला नियम तू इमानानं लावलास. जिथं लावायचा नव्हता तिथं लावलास, एवढंच. आणि गंमत म्हणजे जोड्या बदलण्याचा तोच नियम पप्पांच्या ड्रममध्ये बरोबर लागू पडतो. तुझं शून्य आणि त्यांचा ड्रम या दोन्हींचं मूळ एकच आहे. तुम्ही दोघांनीही पिशवीवरचं नाव वाचलंत आणि पाण्यात तेच नाव तरंगत असेल असं धरून चाललात.

आधी तुझं समीकरण घेऊ. ते उजवीकडून डावीकडे वाच बघू. सोडियम हायड्रॉक्साइड अधिक हायड्रोक्लोरिक आम्ल, आणि त्यातून मीठ आणि पाणी. हे तर तू शाळेतच शिकलीस, उदासिनीकरण. प्रयोगशाळेत ते करताना चंचुपात्र हाताला कोमट लागतं. म्हणजे ती गाडी जोरात एकाच दिशेनं धावते आणि तू तिला उलट चढावर ढकलायला निघालीस. मिठाच्या पाण्यात चुकून आम्ल आणि कॉस्टिक, म्हणजे सोडियम हायड्रॉक्साइड, तयार झालंच, तरी त्याच क्षणी दोघं एकमेकांना खाऊन पुन्हा मीठ आणि पाणी होतील. तसं होत नसतं तर आमटीत मीठ घालताना हातमोजे घालावे लागले असते.

मग मीठ विरघळतं तेव्हा होतं काय? इथं पुस्तकं एक गोष्ट भर्रकन सांगून पुढं जातात आणि मुलं तिथंच अडकतात. मिठाच्या खड्यात 'सोडियम क्लोराइडचा रेणू' नावाचं काही नसतंच. खडा म्हणजे धन प्रभाराचे सोडियम आयन आणि ऋण प्रभाराचे क्लोराइड आयन, आलटूनपालटून, ओळीनं रचलेले. आयन म्हणजे प्रभार असलेला कण. ते डब्यात असल्यापासूनच वेगवेगळे आयन आहेत. पाणी त्यांना तोडत नाही, फक्त लांब करतं. पाण्याचा रेणू वाकडा असतो. त्याची ऑक्सिजनची बाजू थोडी ऋण, हायड्रोजनच्या बाजू थोड्या धन. खड्याच्या कडेच्या सोडियमला पाण्याचे पाच-सहा रेणू ऑक्सिजनच्या बाजूनं घेरतात, क्लोराइडला हायड्रोजनच्या बाजूनं, आणि एकेकाला ओढून घेऊन जातात. शिवाय पाणी मध्ये आलं की दोन विरुद्ध प्रभारांमधली ओढ हवेतल्यापेक्षा सुमारे 80 पटींनी कमी होते. म्हणून ते परत सहजी चिकटत नाहीत. तुझ्या पेपरात लिहायचं होतं ते एवढंच:

सोडियम क्लोराइड (घन) → सोडियम आयन (जलीय) + क्लोराइड आयन (जलीय)

पाणी बाणाच्या वर लिहायचं. ते खर्च होत नाही.

साखरेचं वेगळं. साखरेत खरोखरचे रेणू असतात. प्रत्येक रेणूत कार्बन, हायड्रोजन आणि ऑक्सिजनचे मिळून 45 अणू एकमेकांना घट्ट बांधलेले. पाणी एका रेणूला दुसऱ्या रेणूपासून सोडवतं, रेणूच्या आतल्या गाठींना मात्र हात लावत नाही. चहात गेलेली साखर साखरच राहते, म्हणून तर गोड लागते. आणि जास्त विरघळतं म्हणजे जास्त मोडतं असं समजू नकोस. साध्या तापमानाला 100 ग्रॅम पाण्यात मीठ 36 ग्रॅमपर्यंत विरघळतं, साखर जवळजवळ 200 ग्रॅम. इतकी विरघळूनही तिचा एक रेणू आयन होत नाही.

हे माझ्या शब्दावर मानू नकोस. घरी आरओ बसवायला येणारा माणूस पेनासारखा टीडीएस मीटर पाण्यात बुडवून आकडा दाखवतो ना, तो कुणाकडून तरी माग. द्राक्षवाल्यांकडे पुष्कळदा ईसी मीटर, म्हणजे पाण्याची विद्युतवाहकता मोजणारा मीटर असतो, तोही चालेल. बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटर आण. पाव लिटर पाण्यात दोन चमचे साखर विरघळव आणि मीटर बुडव. आकडा जेमतेम हलेल. दुसऱ्या भांड्यात चिमूटभरच मीठ टाक, आकडा शेकड्यांनी उडी मारेल. कारण तो मीटर विरघळलेला पदार्थ मोजतच नाही, पाण्यातून वीज किती वाहते ते मोजतो आणि त्यावरून अंदाज सांगतो. वीज वाहून न्यायला प्रभार असलेलं कुणीतरी लागतं. साखरेच्या पाण्यात तसं कुणी नाही. तिसऱ्या भांड्यात गूळ घाल. आकडा चढेल! साखर आणि गूळ एकाच उसाचे, पण गुळात रसातले पोटॅशियमसारखे क्षार राहिलेले असतात. चौथ्या भांड्यात युरिया घाल, तो साखरेसारखा गप्प बसेल. ही युरियाची गोष्ट पप्पांना मुद्दाम सांग, कारण ईसी बघून 'खत किती गेलं' ठरवणाऱ्याला युरिया दिसतच नाही. (भांडी नंतर घासून ठेव, आणि युरियाचं भांडं स्वयंपाकघरातलं घेऊ नकोस. आई मला बोल लावतील.)

आता आम्ल. आम्ल मिठासारखंच मोडतं का, हे तू विचारलंस ते मला सगळ्यांत आवडलं, कारण 'दोन्ही मोडतात' एवढं म्हणून तिथं बरेच जण सुटतात. हायड्रोजन क्लोराइड हा वायू आहे, आणि त्यात मिठासारखे तयार आयन नसतात, साखरेसारखे रेणू असतात. कोरडा असताना तो कोरड्या लिटमसचा रंगही बदलत नाही. पाण्यात शिरल्यावर मात्र पाण्याचा रेणू त्याचा हायड्रोजन आयन स्वतःकडे ओढून घेतो आणि क्लोराइड मागं राहतं. इथं खरोखर नवीन काहीतरी घडलं, पाणी नुसतं मध्ये उभं नव्हतं. मिठाच्या बाबतीत आधीच असलेले आयन सुटे झाले, त्याला विचरण म्हणायचं. हायड्रोजन क्लोराइडच्या बाबतीत नसलेले आयन तयार झाले, ते आयनीभवन. पुस्तकात हे दोन शब्द कधीकधी एकमेकांच्या जागी आलेले दिसतील. त्यावरून कुणाशी भांडू नकोस, पण तुझ्या डोक्यात ते वेगळे राहू देत.

व्हिनेगरमधलं ॲसिटिक आम्ल याच वाटेनं जातं, पण अर्ध्यातून परत फिरतं. 0.1 मोलर द्रावणात त्याच्या 1000 रेणूंपैकी जेमतेम 13 मोडलेले असतात, बाकीचे अख्खे. तेवढ्याच मोलर हायड्रोक्लोरिक आम्लात व्यवहारात सगळे मोडलेले. तीव्र आणि सौम्य हे शब्द या मोडण्याबद्दल आहेत, बाटलीत पाणी किती घातलं त्याबद्दल नव्हेत. मीटर घरी आलाच आहे तर पाव लिटरात चमचाभर व्हिनेगर टाकून बघ. आकडा चढतो, पण तितक्याच मोल (म्हणजे कणांच्या संख्येनं तेवढ्याच) मिठानं चढला असता त्याच्या साधारण दहाव्या हिश्शाइतका. म्हणून असं द्रावण लिहिताना ॲसिटिक आम्ल अख्खंच लिहायचं, हायड्रोक्लोरिक आम्ल मात्र आयन सुटे करून.

शून्यावरून आठवलं. क्षार पाण्यात गेले की वीज सोडली नाही तरी आपोआप आयनांत सुटे होतात, हे स्वांते अर्‍हेनियस या स्वीडिश मुलानं 1884 साली उप्सालाच्या विद्यापीठात प्रबंधात मांडलं. परीक्षकांना ते पटलं नाही, त्यांनी त्याला अगदी खालची श्रेणी दिली. 1903 साली त्याच कामाला नोबेल मिळालं. तुझ्या समीकरणाला नोबेल मिळणार नाही, ते चूकच आहे! पण मीठ पाण्यात आपलं आपण सुटं होतं हे तेव्हा भल्याभल्या प्राध्यापकांच्या गळी उतरत नव्हतं, हे हसणाऱ्यांच्या कानावर घालायला हरकत नाही.

चल, आता ड्रमकडे.

पिशव्यांवर लिहिलेलं खोटं नाही. कॅल्शियम नायट्रेट एकटं टाकलं तर पूर्ण विरघळतं, मॅग्नेशियम सल्फेटही. पण पाण्यात गेल्यावर पिशव्यांची नावं संपली. ड्रममध्ये आता चार जण मोकळे फिरताहेत: कॅल्शियम, नायट्रेट, मॅग्नेशियम, सल्फेट. कोण कुठल्या पिशवीतून आलं हे त्यांना ठाऊक नाही. कॅल्शियमला सल्फेट भेटलं आणि त्या दोघांची ओढ अशी की पाण्याला ती जोडी पुरती सोडवता येत नाही. खाली बसतं ते जिप्सम, म्हणजे कॅल्शियम सल्फेट. असा साका बसला की पुस्तक त्याला अवक्षेप म्हणतं. मॅग्नेशियम आणि नायट्रेट यांचा यात काही संबंध नाही, ते आधीही पाण्यात होते आणि नंतरही आहेत. पुस्तक त्यांना प्रेक्षक आयन म्हणतं, आणि समीकरणातून त्यांना गाळायचं असतं.

किती जिप्सम झालं असेल? मोल संकल्पना तुझ्या अभ्यासक्रमात आहेच, म्हणून हिशेब मांडते. कॅल्शियम नायट्रेटच्या पिशवीवर कॅल्शियम 18.8 टक्के लिहिलेलं असतं. 5 किलोत 940 ग्रॅम, म्हणजे 23.5 मोल. मॅग्नेशियम सल्फेट पाण्याचे सात रेणू धरून 246 ग्रॅमला एक मोल, 5 किलोत सुमारे 20 मोल. सल्फेट कमी आहे, म्हणून जास्तीत जास्त 20 मोल जिप्सम होणार. एका मोलला 172 ग्रॅम धर, साडेतीन किलोच्या आसपास. आता जिप्सम 'अविद्राव्य' आहे का? तसंही नाही. लिटरभर पाण्यात अडीच ग्रॅमपर्यंत विरघळतं. 200 लिटरात अर्धा किलो मावलं. उरलेलं सुमारे तीन किलो, बारीक कणांचं, पांढरं, फिल्टरकडे आणि ड्रीपरकडे निघालं. तुमच्या प्रयोगशाळेत क्लोराइड ओळखायला सिल्व्हर नायट्रेटचे दोन थेंब टाकतात आणि परीक्षानळी पांढरी होते, तो हाच खेळ. फक्त सिल्व्हर क्लोराइड एका लिटरात दोनेक मिलिग्रॅमच मावतं, म्हणून दोन थेंबांत दिसतं. विरघळणं आणि न विरघळणं अशा दोन पेट्या नसतात. कोण किती मावतं हाच प्रश्न असतो.

पप्पांना दोन गोष्टी लगेच सांग. लॅटरलची, म्हणजे ड्रीपर बसवलेल्या नळ्यांची, टोकं उघडून नुसत्या पाण्यानं भरपूर धुऊन काढायचं. तीन किलो जिप्सम विरघळवायचं म्हटलं तर वरच्या हिशेबानं किमान 1200 लिटर पाणी लागतं, आणि तेही सावकाश, त्यामुळं दहा मिनिटं फ्लश करून भागायचं नाही. दुसरी गोष्ट, शेजारी कुणीतरी ॲसिड सोडायला सांगेलच. बोअरच्या पाण्यानं ड्रीपरमध्ये चुनखडी साठते, ती कार्बोनेटची असते, ॲसिडनं फसफसून जाते. जिप्समवर ॲसिडचा फारसा उपयोग होत नाही. पुढच्या वेळी कॅल्शियम नायट्रेट एका दिवशी, सल्फेट आणि फॉस्फेटवाली खतं दुसऱ्या दिवशी, मध्ये साधं पाणी.

तक्त्याचं उत्तरही तुमच्या खताच्या खोलीतच आहे. पिशव्यांवरचे नत्र-स्फुरद-पालाशचे आकडे हीच तिथं खतांची नावं. बारा एकसष्टमध्ये अमोनियम. शून्य बावन्न चौतीस, तेरा शून्य पंचेचाळीस आणि शून्य शून्य पन्नास, तिन्हींत पोटॅशियम. विद्राव्य खतं बनवणाऱ्यांनी फॉस्फेटला आणि सल्फेटला अमोनियम-पोटॅशियमशीच का बांधलं? कारण सोडियम, पोटॅशियम आणि अमोनियमचे नेहमीचे सगळे क्षार विरघळतात, आणि नायट्रेट कुणाबरोबरही विरघळतं. तक्त्याच्या निम्म्या ओळी इथंच झाल्या. कॅल्शियमला विद्राव्य करायचं म्हणून त्याला नायट्रेटची सोबत दिली. तो सल्फेट, फॉस्फेट, कार्बोनेट यांपैकी कुणालाही भेटला की खाली बसतो. मॅग्नेशियमचं सल्फेटशी चालतं, फॉस्फेटशी फारसं पटत नाही. उरले क्लोराइड: चांदी आणि शिसं सोडून बहुतेक विरघळतात. बेरियम सल्फेट तेवढं वेगळं पाठ कर, ते तुमच्या खोलीत नाही. अमुक जोडी विरघळते आणि तमुक का नाही याचं पूर्ण उत्तर बारावीत एन्थाल्पी-एन्ट्रॉपी आल्यावर मिळेल. तोवर एक चुणूक घे. तेरा शून्य पंचेचाळीस बादलीत ढवळताना बाहेरून हात लाव. बादली गार पडते. आयन सोडवायला लागणारी ऊर्जा पाण्यातूनच घेतलेली असते.

आणि बेदाण्याचं राहिलं. तुमच्याकडे शेडवर द्राक्षं बुडवायचं द्रावण करतात, लिटरला 25 ग्रॅम पोटॅशियम कार्बोनेट आणि 15 मिली डिपिंग ऑइल. तेही पांढुरकं दिसतं. पण तो साका नव्हे. तिथं तेल विरघळलेलंच नसतं, बारीक थेंब होऊन लटकलेलं असतं, म्हणून सारखं ढवळावं लागतं. पांढरं दिसलं की अवक्षेप लिहायचा, असं करू नकोस. दुसरी गोष्ट तुझ्या बाजूची आहे. त्या द्रावणात हात घातला की बोटं बुळबुळीत होतात, जखमेला झोंबतं. कार्बोनेट आयन हे कार्बोनिक आम्ल या सौम्य आम्लातून आलेलं, त्याला हायड्रोजनची भूक असते. ते थोड्या प्रमाणात पाण्याचाच हायड्रोजन आयन ओढतं, हायड्रॉक्साइड मागं उरतं, पाणी आम्लारीधर्मी होतं. म्हणजे क्षार पाण्याशी अभिक्रिया करतो ही तुझी कल्पना अगदीच हवेतली नव्हती. क्लोराइड मात्र तीव्र आम्लातून आलेलं, त्याला ती भूक नाही. मीठ गप्प राहतं ते त्यामुळं.

आर्ट्सचं म्हणशील तर इतिहास, मराठी, अर्थशास्त्र आवडत असेल तर खुशाल जा, माझी धाकटी बहीण त्याच वाटेनं गेली आणि मजेत आहे. पण केमिस्ट्री सुटत नाही म्हणून जाऊ नकोस, कारण तुझे प्रश्न केमिस्ट्री सुटत नसलेल्या मुलीचे नाहीत. माध्यमाचा त्रास मात्र खरा आहे. दिवाळीपर्यंत वहीच्या शेवटच्या पानावर मराठी शब्दासमोर त्याचा इंग्रजी शब्द लिहीत जा: विचरण, आयनीभवन, अवक्षेप, संपृक्त. तीस-चाळीस शब्दांपलीकडे ती यादी जात नाही.

आणि रविवारी पप्पांना अंगणात बोलाव. काचेच्या दोन ग्लासांत शंभर-शंभर मिली पाणी. एकात 5 ग्रॅम कॅल्शियम नायट्रेट, दुसऱ्यात 5 ग्रॅम मॅग्नेशियम सल्फेट. हे ड्रमचं बरोबर हजारावं माप. दोन्ही नितळ झाली की पप्पांना पिशव्यांवरचं वाचायला लाव आणि मग एक ग्लास दुसऱ्यात ओत. नवीन कुठलीही दोन खतं एकत्र सोडायच्या आधी हेच करायचं. पंधरा-वीस मिनिटं थांबायचं आणि ग्लास उजेडात धरून बघायचा.

ता. क. कॅल्शियम नायट्रेटची पिशवी काम झाल्यावर दोरीनं घट्ट बांधून ठेवायला सांग. ते हवेतली वाफ ओढून घेतं आणि पावसाळ्यात उघडं राहिलं तर ड्रमची वाट न बघता पिशवीतच विरघळून बसतं.